टिकाव आणि सोनें

मराठींत ‘टिकाव’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. जमीन खणण्याचें लोखंडी अवजार हा एक, आणि तग धरून राहाण्याची शक्ति हा दुसरा. या दोन शब्दांचें मूळ एक आहे कीं भिन्न आहे, हा प्रश्न भाषाशास्त्रज्ञांवर सोंपवावा. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सोन्याच्या आशेनें घरदार सोडून पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकाला गेलेल्या माणसांची हकीकत वाचली, म्हणजे हे दोन अर्थ एका शब्दांत नांदतात तें योग्यच आहे, असें वाटल्यावांचून राहात नाहीं. ज्याचा टिकाव चांगला, त्याचा टिकाव लागे. ज्याचा टिकाव वाईट, तो महिना-पंधरा दिवसांत हात सोलून, कंबर मोडून परत फिरे.

सोन्याच्या इतिहासांत सोन्याचीं वर्णनें पुष्कळ सांपडतात. कोणाला किती मोठा गोळा मिळाला, कोण एका दिवसांत श्रीमंत झाला, कोणी तें द्रव्य कसें उधळलें, हें सारें ग्रंथकारांनीं हौसेनें लिहून ठेवलें आहे. पण सोनें आपण होऊन जमिनीबाहेर येत नाहीं. तें बाहेर काढणारें लोखंड कसें होतें, तें कोणी निवडलें, कोणी घडविलें, आणि रोज झिजणारें त्याचें टोंक रोज कोणी नीट केलें, या गोष्टींकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. त्या लोखंडाची ही हकीकत आहे.

ता. २४ जानेवारी १८४८ रोजीं कॅलिफोर्नियांत कोलोमा येथें सटर नांवाच्या जमीनदाराच्या लांकूड कापण्याच्या गिरणीचें काम चाललें असतां, जेम्स मार्शल या सुताराला पाण्याच्या पाटांत सोन्याचे कण दिसले. पुढल्या वर्षीं जगाच्या सर्व दिशांकडून माणसांचे लोंढे तिकडे वाहूं लागले. आरंभींचें काम फार सोपें होतें. डोंगरांतील सोनें हजारों वर्षें पाण्याबरोबर वाहात येऊन नदीच्या वाळूंत आणि खडकांच्या भेगांत साचलें होतें. खिशांतल्या चाकूनें भेगा कोराव्या, एखाद्या चमच्यानें वाळू उपसावी, आणि पत्र्याच्या परातींत ती धुवावी, एवढ्यानें पहिल्या मंडळींचें काम भागलें. परंतु वरचें सोनें लवकरच संपलें. जें उरलें तें दगडगोट्यांच्या आणि घट्ट मातीच्या खालीं होतें. तेथें चाकूचें कांहीं चालेना. तेव्हांपासून सोनें शोधणाऱ्याच्या खांद्यावर टिकाव आला, आणि चित्रकारांनीं त्याचें चित्र काढतांना तो तेथून पुन्हां उतरविला नाहीं.

कॅलिफोर्नियांत त्या वेळीं सरकारचा कायदा नांवापुरताच होता. खणणाऱ्या लोकांनीं आपापल्या छावणींत सभा भरवून आपले नियम आपणच केले. त्यांपैकीं एक रिवाज लक्षांत ठेवण्यासारखा आहे. आपण खणलेल्या खड्ड्यांत टिकाव-फावडें ठेवून मालक निघून गेला, तर तीं अवजारें तेथें आहेत तोंवर ती जागा त्याचीच समजली जाई. दस्तऐवज नाहीं, मोहोर नाहीं, पहारेकरी नाहीं. खड्ड्यांत पडलेला टिकाव हाच मालकीचा लेख! जेथें अवजाराला असा मान मिळाला, तेथें तें अवजार कसें आहे याची चौकशी माणसें किती बारकाईनें करीत असतील, याची कल्पना येईल.

कॅलिफोर्नियाहून रिकाम्या हातांनीं परतलेला एडवर्ड हारग्रीव्ह्ज यानें १८५१ सालीं ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स प्रांतांत सोनें असल्याचें जाहीर केलें. त्याच वर्षीं शेजारच्या व्हिक्टोरिया प्रांतांत क्लून्स, बॅलारॅट, मौंट अलेक्झांडर व बेंडिगो या ठिकाणीं त्याहूनहि विपुल सोनें सांपडलें. व्हिक्टोरियाची वस्ती १८५१ मध्यें सुमारें ७७ हजार होती. ती दहा वर्षांत ५ लाख ३८ हजारांवर गेली. इंग्लंडहून निघालेलें जहाज तीन-चार महिन्यांनीं मेलबर्नला लागे. त्यांतून उतरणाऱ्यांत कारकून होते, दुकानदार होते, वैद्य होते, वकील होते. ज्यांनीं जन्मांत बागेंतील वाफाहि खणला नव्हता, असे कित्येक होते. मेलबर्नच्या धक्क्याजवळ यांचा एक बाजारच भरे. आणलेले कोट, पुस्तकें, पेट्या मिळेल त्या किंमतीस विकून हे लोक परात, तंबू, फावडें आणि टिकाव विकत घेत, आणि पायीं चालूं लागत. बॅलारॅट तेथून सुमारें सत्तर मैल, आणि बेंडिगो त्याहूनहि दूर. रस्ते चिखलाचे. सर्व ओझें पाठीवर. टिकावाची निवड करण्यांत झालेली चूक बहुतेकांना या वाटेवरच प्रथम उमगे.

आतां, हा टिकाव कोणत्या जमिनींत चालावयाचा होता, हें पाहिलें पाहिजे. व्हिक्टोरियांतील सोनें बहुधा पुरातन काळच्या नद्यांच्या पात्रांत होतें. त्या नद्या केव्हांच बुजून गेल्या होत्या. वरती काळसर माती, तिच्याखालीं विटेसारखी घट्ट तांबडी चिकण माती, तिच्याखालीं गारगोट्यांचा व वाळूचा थर, आणि अगदीं तळाशीं पांढऱ्या शाडूसारखी माती किंवा मूळ खडक, अशी रचना पुष्कळ ठिकाणीं असे. सोनें जड असल्यामुळें तें या तळाशीं बसलेलें असे. बेंडिगोस तळ थोड्या फुटांवर लागे. बॅलारॅटला मात्र कांहीं जुन्या नद्यांवर ज्वालामुखीच्या रसाचे थर पसरलेले होते. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या फत्तराचीच ती जात. तेथें शंभर फुटांहूनहि खोल विहिरी खणाव्या लागत, आणि तळ लागण्यास महिनेचे महिने जात. आरंभीं एका माणसाला मिळणारी हक्काची जागा केवळ आठ फूट लांब व आठ फूट रुंद असे. एवढ्याशा जागेंत खालीं उतरतांना एकच टिकाव मऊ मातींत, चिवट चिकण मातींत, गोट्यांत आणि खडकांत चालवावा लागे. सर्व जमिनींस सारखाच योग्य असा टिकाव जगांत नाहीं. म्हणून निवड करतांना विचार करावा लागे.

जाणता माणूस प्रथम टिकावाचें वजन पाही. अंगानें धट्टाकट्टा असलेल्या नवख्याला वाटे कीं, टिकाव जितका जड तितका घाव मोठा. हा समज एका तासांत नाहींसा होई. मिनिटाला वीस घाव घातले तर तासाला बाराशे घाव होतात. टिकावाचें वजन एका पौंडानें अधिक असलें, तर त्या तासांत बाराशे पौंडांचें ओझें फुकट डोक्यावर उचलल्यासारखें होतें. आणि असे तास दिवसांतून आठ-दहा. म्हणून साधारणपणें चार ते सहा पौंडांचा, म्हणजे आपल्या जुन्या मापानें दोन ते तीन शेरांचा, टिकाव उघड्या जमिनीवर सोयीचा पडे. विहिरींत उतरून आडवें बिळ कोरावयाचें असेल, तर त्याहूनहि हलका व आंखूड दांड्याचा टिकाव लागे. कारण तेथें माणसाला गुडघ्यांवर बसून, प्रसंगीं कुशीवर पडून, घाव घालावा लागे. तेथें मोठा टिकाव उगारला तर तो आधीं मागच्या भिंतीवर आपटे.

दुसरी गोष्ट टोंकांची. सोनें शोधणाऱ्यांच्या टिकावाला बहुधा दोन्ही बाजूंस हात असत. एका हाताचें टोंक भाल्यासारखें अणकुचीदार, आणि दुसऱ्याचें छिन्नीसारखें थोडें रुंद. टोंकदार बाजू गोट्यांच्या थरांत व खडकाच्या भेगेंत शिरे. रुंद बाजू चिकण मातीचे ढेकूळ सोडवी. चिकण मातींत टोंकदार बाजू मारली तर ती नुसतें भोंक पाडून अडकून बसते, आणि गोट्यांत रुंद बाजू मारली तर ती ठणकन् उडते व हाताला झिणझिण्या आणते. कॉर्नवॉल प्रांतांतील कथलाच्या खाणींत पिढ्यान् पिढ्या काम केलेले लोकहि ऑस्ट्रेलियांत पुष्कळ आले होते. त्यांच्या देशीं एक निराळा टिकाव चाले. त्याला एका बाजूस टोंक व दुसऱ्या बाजूस हातोडीसारखा आंखूड माथा असे. टोंकानें भेग उघडावी, भेगेंत लोखंडी पाचर ठेवावी, आणि त्याच टिकावाच्या माथ्यानें ती ठोकावी. एका अवजारांत दोन अवजारें. खडकांत काम करणाराला तो अमोल, पण नुसती माती खणणाराला निरुपयोगी.

हात सरळ नसून किंचित् कमानदार आहेत कीं नाहींत, हेंहि पाहावें लागे. घाव घालतांना माणसाचे बाहु वर्तुळांत फिरतात. टिकावाचा बांक त्या वर्तुळाशीं जुळला, म्हणजे टोंक जमिनींत सरळ घुसतें; न जुळला, तर तें आडवें लागून घसरतें. दोन्ही हात सारख्या वजनाचे नसले तर टिकाव मुठींत गर्रकन् वळूं पाहातो, आणि तो सांवरण्यांतच मनगट थकतें.

तिसरी गोष्ट नेढ्याची. नेढें म्हणजे दांडा बसविण्याचें भोंक. कुऱ्हाडीचा किंवा हातोडीचा दांडा खालून बसवितात आणि वरून पाचर मारतात. टिकावाची रीत याच्या उलट आहे. टिकावाचें नेढें वरच्या बाजूस रुंद व खालच्या बाजूस अरुंद असतें, आणि दांड्याचें एक टोंक जाड केलेलें असतें. दांड्याचें बारीक टोंक वरून नेढ्यांत घालून तो खालीं ओढीत नेतात. शेवटीं जाड टोंक नेढ्यांत येऊन घट्ट बसतें. टिकाव उगारून मारला कीं लोखंड बाहेरच्या बाजूस धांव घेतें, आणि दांड्याच्या जाड टोंकावर अधिकच आवळलें जातें. म्हणजे जों जों काम करावें, तों तों जोड पक्का होतो. पाचरेची गरज उरत नाहीं. उलट, दांडा उभा धरून त्याचें बारीक टोंक जमिनीवर दोन वेळां आपटलें कीं लोखंड खालीं घसरून मोकळें होतें. सरळ वाटणारी ही युक्ति फार मोलाची होती. एकाच दांड्यावर दोन-तीन लोखंडें पाळीपाळीनें वापरतां येत. एक लोहाराकडे गेलें असलें तरी दुसऱ्यावर काम चाले. नेढ्याच्या भोंवतालचें लोखंड मात्र भरपूर जाड असावें लागे. कारण टिकाव मोडला तर बहुधा तेथेंच मोडे.

चौथी गोष्ट दांड्याची. अमेरिकेंत हिकरीचें व इंग्लंडांत ॲशचें लांकूड यासाठीं नांवाजलेलें होतें. दोन्ही कठीण असून लवचीक. घावाचा धक्का स्वतः गिळतात, हातापर्यंत पोंचूं देत नाहींत. दांडा डोळ्यासमोर आडवा धरून त्याचे रेषे पाहावे. ते एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सरळ गेले असले तर तो घ्यावा. मध्येंच तिरपे होऊन बाहेर पडले असले, किंवा गांठ असली, तर तेथें तो एक दिवस खास मोडणार. रंग लावून गुळगुळीत केलेला दांडा दुकानांत सुरेख दिसे. पण रंगाखालीं गांठ लपते आणि घामेजलेल्या तळव्याखालीं रंग घसरतो.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे धातु. १८५६ सालीं हेन्री बेसेमर यानें स्वस्त पोलाद करण्याची आपली रीत जाहीर केली. तोंपर्यंत पोलाद महाग होतें. म्हणून टिकावाचें सबंध अंग घडीव लोखंडाचें करीत, आणि दोन्ही टोंकांस पोलादाचा तुकडा तावून, ठोकून, एकजीव करीत. घडीव लोखंड चिवट. तें वांकतें, पण तुटत नाहीं. पोलाद कठीण, तें झिजत नाहीं, पण ठिसूळ असतें. दोघांचे गुण एकत्र आणण्याची ही युक्ति होती. हलक्या मालांत पोलादाचा तुकडा नांवापुरताच असे, किंवा सांधा कच्चा राहिलेला असे. असा टिकाव पहिल्या आठवड्यांत नव्यासारखा चाले. दुसऱ्या आठवड्यांत टोंक उडून जाई, आणि मऊ लोखंडाचें बोथट बोट तेवढें हातीं राही. सोन्याच्या मागें आलेल्या माणसाला अशा वेळीं लोखंडाची पारख नसल्याचा पश्चात्ताप होई.

टिकाव चांगला निवडला, तरी त्यानें निम्मेंच काम होई. गारगोटी इतकी कठीण असते कीं ती लोखंडाला सहज ओरखडे पाडते. गारगोट्यांच्या थरांत काम करणाऱ्या टिकावाचें टोंक भराभर गोल होई. बोथट टिकावानें खणणें म्हणजे दुप्पट श्रमांत निमपट काम. म्हणून प्रत्येक सोन्याच्या छावणींत परातींच्या खळखळाटाबरोबर दुसरा एक आवाज सकाळपासून ऐकूं येई. तो ऐरणीवरच्या हातोड्याचा.

आपल्या खेड्यांत कुदळीचें किंवा नांगराच्या फाळाचें झिजलेलें टोंक लोहाराकडून तावून ठोकून पुन्हां काढून घेण्यास ‘शेवटणें’ म्हणतात. तेंच काम तेथील लोहार तंबूच्या किंवा सालीच्या छपराखालीं करी. टिकावाचें टोंक कोळशांत घालून भाता मारावयाचा. तें तांबडेंलाल झालें कीं ऐरणीवर घेऊन चारी बाजूंनीं ठोकून टोंक काढावयाचें. येथें लोहाराच्या डोळ्याची परीक्षा असे. ताव कमी पडला तर ठोकतांना पोलादाला चिरा जातात. अधिक झाला, आणि टोंकांतून ठिणग्या उडूं लागल्या, तर पोलाद जळलें. मग तें भाजलेल्या ढेकळासारखें फुटतें, आणि तेवढा भाग तोडून टाकण्यावांचून गति नसते.

टोंक काढून झाल्यावर त्याला पाणी द्यावयाचें. नुसतें तापवून पाण्यांत बुडविलें तर पोलाद काचेसारखें कठीण व ठिसूळ होतें. पहिल्याच दगडावर त्याचा टवका उडतो. म्हणून फक्त टोंकच थोडें पाण्यांत धरून बाहेर काढावयाचें, दगडावर घासून चकचकीत करावयाचें, आणि मग वाट पाहावयाची. वरच्या भागांत उरलेली उष्णता हळूहळू टोंकाकडे उतरूं लागते, आणि चकचकीत धातूवर रंगांची एक मालिका सरकत येते. आधीं वाळलेल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळ्यावर थांबविलें तर टोंक फार कठीण राहातें. निळा ओलांडून गेला तर फार मऊ होतें. टिकावाला जांभळा आणि निळा यांच्या सीमेवरचा रंग मानवतो. तो टोंकाला पोंचला त्याच क्षणीं सबंध टोंक पाण्यांत बुडवावयाचें. हा क्षण चुकला कीं सर्व काम पुन्हां पहिल्यापासून. लोहाराजवळ उष्णता मोजण्याचें यंत्र नव्हतें. होता तो डोळा, आणि वर्षानुवर्षांचा सराव.

खणणाराची स्वतःची कामेंहि कांहीं होतीं. टोंकाला सहाणेवर धार लावतांना तें तापूं द्यावयाचें नाहीं. कारण घर्षणानें निळें पडलें तर लोहारानें दिलेलें पाणी उतरलें. संध्याकाळीं चिखल पुसून लोखंड कोरडें करावयाचें. ऑस्ट्रेलियांतील उन्हाळ्याची हवा इतकी कोरडी कीं दांड्याचें लांकूड आकसून लोखंड डुगडुगूं लागे. घाईचे लोक तो टिकाव रात्रभर पाण्यांत टाकीत. सकाळीं लांकूड फुगून घट्ट बसे, पण दोन दिवसांत पुन्हां सुके, आणि पूर्वींपेक्षांहि सैल होई. शहाणा माणूस दांड्याला अधूनमधून जवसाचें तेल चोळून तो सावलींत ठेवी. आणि सर्वांत मोठा नियम हा कीं, टिकावाचें काम टिकावानें करावें, पहारेचें काम पहारेनें. रुतलेला दगड उचकटण्यासाठीं दांड्यावर भार दिला कीं दांडा मोडलाच म्हणून समजावें. हा नियम सर्वांना पाठ असे, आणि दगडाखालीं सोनें असेल या आशेनें सर्वजण तो मोडीत.

या सर्वांत एक गोष्ट उघड होती. खणणाऱ्याला सोनें मिळे किंवा न मिळे. लोहाराला मात्र रोजची मजुरी मिळे. सोन्याचें क्षेत्र ओसाड पडेपर्यंत त्याचा भाता बंद पडत नसे. पुष्कळ कारागिरांनीं कांहीं महिने नशीब अजमावून पुन्हां आपला मूळचा धंदा हातीं धरला, तो याच अनुभवानें.

लोहाराच्या ऐरणीनें एकदां राजकारणहि पाहिलें. सरकारनें ता. १ सप्टेंबर १८५१ पासून प्रत्येक खणणाऱ्यावर दरमहा तीस शिलिंगांचा परवाना लादला होता. सोनें सांपडो वा न सांपडो, पैसे दिलेच पाहिजेत. पोलीस केव्हांहि येऊन परवाना मागत, आणि तो जवळ नसला तर धरून नेत. बॅलारॅटला ज्यांच्या विहिरींचा तळ लागण्यास सहा-सहा महिने लागत, त्यांच्यावर हा कर फारच जाचक होई. अखेर १८५४ च्या नोव्हेंबरांत तेथील लोक पीटर लेलर याच्या पुढारीपणाखालीं एकत्र झाले, आणि युरेका नांवाच्या ठिकाणीं त्यांनीं लांकडांचा कोट उभारला. बंदुका थोड्या होत्या; म्हणून लोहारांनीं टिकाव शेवटण्याचें काम बाजूस ठेवून भाल्यांचीं पातीं घडविलीं. ता. ३ डिसेंबरच्या पहांटे सैन्यानें कोट घेतला. निदान बावीस खणणारे मारले गेले. भाले हरले, परंतु परवाना टिकला नाहीं. १८५५ सालीं त्याच्या जागीं वर्षाला एक पौंडाचा हक्कनामा आला, आणि त्याबरोबर मतदानाचा अधिकारहि आला.

लोखंडाची आणि सोन्याची सर्वांत प्रसिद्ध भेट व्हावयास मात्र आणखी चौदा वर्षें लागलीं. जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स हे दोघे भागीदार कॉर्नवॉलकडील. मेलबर्नच्या वायव्येस मोलियागुल या गांवाजवळ ते वर्षानुवर्षें चिकाटीनें खणीत होते. थोडी शेती, थोडें सोनें, असा त्यांचा संसार चाले. पहिल्या गर्दींतले हजारों लोक केव्हांच निघून गेले होते. हे दोघे टिकून होते. ता. ५ फेब्रुवारी १८६९ रोजीं डीसन एका उतारावर झाडाच्या मुळांजवळ माती सैल करीत होता. त्याचा टिकाव कशावर तरी ठणकन् आपटला. त्याला तो दगड वाटला. पुन्हां घाव घातला, पुन्हां तोच अडथळा. खालीं वांकून माती बाजूस सारली, तेव्हां जमिनीच्या पृष्ठापासून जेमतेम एका इंचावर सोनें चमकलें. तो गोळा सुमारें दोन फूट लांब होता. आजवर जगांत सांपडलेला नदीमातींतील सोन्याचा सर्वांत मोठा गोळा तो हाच. लोकांनीं त्याला ‘वेलकम स्ट्रेंजर’, म्हणजे ‘ये रे पाहुण्या’, असें नांव दिलें.

त्या दोघांनीं तो घरीं आणून चुलींत तापविला, आणि त्याला चिकटलेली गारगोटी फोडून काढली. नंतर मित्रांबरोबर ते सुमारें नऊ मैलांवरील डनॉली गांवच्या बँकेंत गेले. एवढा गोळा मावेल असा तराजूच तेथें नव्हता! तेव्हां आर्चिबाल्ड वॉल्स नांवाच्या गांवच्या लोहाराला बोलाविलें. ज्या कसबानें आजवर बोथट टिकाव शेवटले, त्याच कसबानें त्यानें तो गोळा ऐरणीवर ठेवून त्याचे तीन तुकडे केले. शुद्ध सोनें सुमारें ७२ किलो भरलें. बँकेनें आरंभीं नऊ हजार पौंड दिले. अखेरची रक्कम सुमारें ९,३८१ पौंड झाली. त्या सोन्याच्या लगडी करून तें विलायतेस गेलें, आणि मूळ गोळ्याचें नांवच काय तें उरलें.

डीसननें पुढें आपल्या संपत्तीचा बराच भाग खाणींच्या धंद्यांत घालविला. पण त्यानें मोलियागुल सोडलें नाहीं. लहानशी शेती करून तो तेथेंच राहिला, आणि १९१५ सालीं वयाच्या ८५ व्या वर्षीं वारला. ओट्स मायदेशीं जाऊन लग्न करून परत आला, आणि बेंडिगोजवळ मॅरोंग येथें मोठी शेती घेऊन १९०६ पर्यंत जगला. दोघांनींहि शेवटीं जमीनच कसली. टिकाव सोन्यासाठीं चालविला काय किंवा बटाट्यांसाठीं चालविला काय, त्याची निगा तीच.

या हकीकतीची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. ती भूमि निर्जन नव्हती. मोलियागुल आणि बेंडिगोचा मुलूख जा जा वुरुंग या मूळच्या लोकांचा. लाखों टिकावांनीं त्यांची जमीन खालवर केली, झाडें तोडलीं गेलीं, झरे चिखलानें भरले, आणि त्यांच्या अन्नाचीं ठिकाणें नाहींशीं झालीं. त्या जमिनीवरील त्यांचा मूळ हक्क व्हिक्टोरिया सरकारनें कराराने मान्य केला तो २०१३ सालीं. ते आपल्या या मुलखाला ‘उलथी झालेली भूमि’ म्हणतात. ज्या घावांनीं कित्येकांचीं घरें उभीं राहिलीं, त्याच घावांनीं दुसऱ्यांचीं घरें मोडलीं.

एकट्या माणसाच्या टिकावाचा काळहि फार टिकला नाहीं. मातींतलें सोनें सरलें, आणि गारगोटीच्या शिरांतलें उरलें. तेथें सुरुंग, वाफेचीं यंत्रें आणि मोठें भांडवल लागे. आपल्या देशांतील कोलारची हकीकत याच जातीची आहे. न्यूझीलंडमधील लढाईंत असलेला आणि तेथें सोन्याचा नाद लागलेला मायकेल लाव्हेल हा आयरिश शिपाई पुढें बंगळुरास येऊन राहिला. जुन्या खड्ड्यांच्या खुणा पाहून त्यानें १८७३ सालीं म्हैसूर सरकारकडे परवानगी मागितली, आणि १८७५ मध्यें उरिगामजवळ विहीर खणण्यास आरंभ केला. पण तेथील सोनें एका माणसाच्या टिकावाला दाद देणारें नव्हतें. द्रव्य अपुरें पडून त्यानें हक्क दुसऱ्यांस दिला. मोठ्या कंपन्यांनीं तेथें जगांतील अत्यंत खोल खाणींपैकीं कांहीं खणल्या, आणि २००१ सालीं त्या खाणी बंद झाल्या.

व्हिक्टोरियाच्या रानांत मात्र टिकाव अजून चालतो. आजचा हौशी शोधक कानाला यंत्र लावून हिंडतो. जमिनींत धातु असला कीं यंत्र वाजतें. १९८० सालीं मोलियागुलपासून फार दूर नसलेल्या किंगोवर गांवाजवळ अशाच यंत्रानें सुमारें २७ किलोंचा गोळा सांपडला. पण यंत्र वाजल्यावर शेवटीं खणावें लागतें, आणि त्यासाठीं कमरेला लहानसा टिकाव असतोच. त्याच्या पात्याला पुष्कळजण लोहचुंबक बसवितात. कारण यंत्र सोन्याला वाजतें तसेंच लोखंडालाहि वाजतें, आणि उकरलेल्या मातींतून तें चुंबक प्रथम लोखंड वेंचून घेतें. गंजलेले खिळे, घोड्याच्या नालाचे तुकडे, आणि कधीं कधीं जुन्या अवजाराचें तुटलेलें टोंक. शोधक तें हातांत घेतो, सोनें नव्हे म्हणून हळहळतो, आणि बाजूला फेंकून देतो. कोणा एकानें दीडशें वर्षांपूर्वीं तें टोंक तांबडेंलाल तापवून, जांभळा रंग उतरण्याची वाट पाहून, पाण्यांत बुडविलेलें असतें. सोनें विलायतेस गेलें, वितळलें, हातोहात झालें. ज्या लोखंडानें तें काढलें, तें अजून त्याच मातींत टिकून आहे.